यंदा गड्ड्याला आम्ही येतोय

पुणे, रविवार, रात्री साडेअकरा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका. इकडं सगळे बरे आहेत. छकुली आत्ताच झोपली, तुमचे जावई तिच्या शेजारी आडवे झालेत आणि तिच्याआधी घोरायला लागलेत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. हे फोनवर बोलायचं नाही म्हणून पत्र. बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहिल्यावर कान कुठले राहायला. आणि आई, जरा अवघड विषय निघाला की तू "हं, घे, बाबांशी बोल" म्हणून फोन त्यांच्या हातात देतेस. मग ते "काय? काय म्हणालीस?" करत बसतात, आणि मी म्हणते, "काही नाही, जेवलात का?" अकरा वर्षं आपण तिघांनी "जेवलात का" वरच काढली.

परवा मी छकुलीच्या बोरन्हाणाचं काढलं. पहिली संक्रांत आहे तिची, भोगीच्या दिवशी आपल्या घरीच करू म्हटलं. तू लगेच म्हणालीस, "रथसप्तमीपर्यंत कधी पण चालतंय की. तिकडंच उरकून घे. त्या आठवड्यात आपल्या घरात काही नको."

त्या आठवड्यात. आपल्या घरात त्या आठवड्याला नावच राहिलेलं नाही. भोगी नाही, संक्रांत नाही, आणि गड्डा, आपल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा, ती तर नाहीच. बाबांनी नोकरीत असेपर्यंत ते सगळे दिवस रात्रपाळी मागून घेतली. तू खिडक्या लावून घेतेस, दारूकामाच्या फटाक्यांचा आवाज आला की मिक्सर सुरू करतेस. मी एकदा कॉलेजात असताना घरी होते त्या दिवशी, तेव्हा तू मिक्सरमध्ये काहीच घातलं नव्हतंस. रिकामं भांडं फिरत होतं. मी बघितलं होतं, आई.

आधी असं नव्हतं ना. जानेवारी सुरू झाला की आपल्या घरात किती गडबड असायची. १२ तारखेला बाबा आम्हा दोघांना सायकलवर घालून चार हुतात्म्यांच्या पुतळ्याकडं न्यायचे, दादा मागं कॅरिअरवर, मी पुढं दांडीवर. तिथं उभं करून नावं विचारायचे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. चारी नावं आल्याशिवाय गड्ड्यावर भेळ मिळायची नाही. दादा दर वर्षी सारडांपाशी अडकायचा आणि मी मागून कुजबुजायची, त्याबद्दल तो मला त्याच्यातली अर्धी कैरी द्यायचा. बाबा सांगायचे, १९३० च्या मे महिन्यात आपल्या सोलापूरनं इंग्रजाला काही दिवस हाकलून लावलं होतं, म्हणून मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात ह्या चौघांना फाशी दिलं. मी विचारलं होतं, "म्हणजे गड्ड्याच्या टायमालाच?" तुम्ही म्हणालात, "हो, यात्रेच्या तोंडावर." मग मी विचारलं, "त्या वर्षी यात्रा झाली का?" त्याचं उत्तर तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही सायकल वळवलीत आणि आम्हाला आकाशपाळण्यात बसवलंत. हार बघून हात जोडायचे आणि तिथनंच पाळण्यात बसायला जायचं, ह्यात आपल्याला तेव्हा कधी काही खटकलं नाही. मी आता पुण्याहून येते तीही हुतात्मा एक्स्प्रेसनंच, आणि त्यात बसून लोक वडापाव खातात, पत्ते कुटतात.

गड्ड्याचंच घ्या. मी मोठी झाल्यावर मला ते पहिल्यांदा नीट कळलं, आणि कळलं त्या दिवशी मी चमकले. लहानपणी आपण अक्षतेला जायचो. कसब्यातनं सातही नंदीध्वज, त्या सजवलेल्या उंच काठ्या, निघायचे, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" चा गजर, आणि संमतीकट्ट्यापाशी लग्नाचं शेवटचं वाक्य झालं की सगळ्या बाजूंनी तांदूळ उडायचे. माझ्या केसातनं ते दोन दिवस निघायचे. मला एवढंच ठाऊक होतं की लग्न आहे. कुणाचं, तर देवाचं. दुसऱ्या दिवशी होम असायचा, तिथं रात्री थंडीत जागायचं, मग वासराची भाकणूक. बाबांना त्यातच रस. वासरानं कशाला तोंड लावलं, कशाचा भाव वाढणार, पाऊस किती. आणि तिसऱ्या दिवशी दारूकाम.

त्या लग्नातली नवरी कोण हे मला आजीनं सांगितलं. कुंभाराची पोर. सिद्धरामेश्वर ध्यानाला बसायचे तिथलं अंगण रोज झाडायची, सडा-रांगोळी करायची. तिनं लग्न करा म्हणून हट्ट धरला. महाराज संसारात पडणार नव्हते, म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न लाव. भोगीला तिच्यावर अक्षता पडल्या आणि संक्रांतीला ती होमात गेली. अजून होमाच्या वेळी बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून नवरीसारखं नटवतात. म्हणजे आपलं अख्खं गाव एका दिवशी तिच्या लग्नाचं वऱ्हाड असतं, दुसऱ्या दिवशी तिला निरोप देतं आणि तिसऱ्या दिवशी, करिदिनाला, आभाळात फटाके उडवतं. ज्या दिवशी बाकीच्या महाराष्ट्रात कुणी चांगलं काम हातात घेत नाही त्या दिवशी! (सती हा प्रकार मला पटत नाही, आणि त्या पोरीला तेव्हा नेमकं काय वाटत होतं हे कुणी विचारलं होतं का, असं मनात येतंच. पण ते आजीला विचारायची सोय नव्हती.) एवढी शतकं झाली, पण कुणी असं म्हटलं नाही की अक्षतेचे तांदूळ नकोत, कारण उद्या होम आहे. आणि होम लवकर उरका, परवा दारूकाम आहे, असंही नाही.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते. आई, हे वाचताना बस खाली.

दादाला त्या वर्षी नंदीध्वजाच्या सरावाला धाप लागायला लागली. बाबा, तुम्ही म्हणालात, "धाप कसली लागतीय, सकाळी पळायला जा." ते वाक्य तुम्ही अजून मनात धरून बसलाय हे मला माहीत आहे. कुणालाच कळलं नव्हतं. लहानपणी सांधे दुखायचे, ताप यायचा, त्यात हृदयाची झडप खराब झालेली, हे कुणाच्या लक्षात येणार? आपण त्याला तेल चोळत होतो. डॉक्टरांना सुद्धा पहिल्या वेळी कळलं नाही. तुम्ही पळायला सांगितलं आणि तो पळायला गेलाच नाही, हे तरी आठवा. तो मारुतीच्या पाराशी बसून चहा पिऊन घरी यायचा. मला माहीत होतं, मी चहाचे पैसे दिलेत.

त्या संध्याकाळी, किंक्रांतीला, तू देवळात गेली होतीस आई, आणि बाबा औषधं आणायला. हॉस्पिटलात दादाजवळ मी एकटी. त्याला आडवं झोपता येत नव्हतं, तीन उशा लावून बसवलं होतं. अंगावर ती चादर होती, बाबांनी कारखान्यातनं आणलेली सेकंडची, लाल-पांढरी, मोराची. धागा तुटून एका मोराचा पाय विणायचा राहिलेला. दादा तासन् तास त्या मोरावरनं बोट फिरवत बसायचा. उलटी करून बघायचा तर तिकडं पांढऱ्याचा लाल झालेला, पण पाय तिकडंही नाहीच. "बाबांनी दोन्हीकडनं लंगडा केलाय बे," म्हणायचा.

साधारण नऊच्या सुमाराला पहिला आवाज झाला. आमची खिडकी किल्ल्याच्या अंगाला होती. दादा म्हणाला, "उचल मला जरा." मी काखेत हात घालून त्याला वर ओढलं. शेजारच्या खाटेवर एक सहा-सात वर्षांचा पोरगा होता, पाय प्लास्टरमध्ये, आवाजाला घाबरून रडायला लागला. दादानं त्याला सांगायला सुरुवात केली. "रडू नको, बघ, आता झाड येणार. आलं का? आता धबधबा. थांब, थांब, आता आवाज मोठा येणार, कान धर." एकही चुकलं नाही त्याचं. दर वर्षी तिथं उभा राहिलेला माणूस. पोरगा टाळ्या वाजवायला लागला. वॉर्डातल्या सगळ्यांच्या तोंडावर एकदा हिरवा उजेड, एकदा लाल. सलाईनच्या बाटल्या पण रंग बदलत होत्या. दादाचे ओठ तेव्हा निळे पडलेले होते, पण त्या उजेडात ते दिसत नव्हतं.

मग एक मोठा फुटला, सगळं आभाळ सोनेरी झालं, आणि तो मला म्हणाला, "मी मेल्यावर बाबांना एवढा खर्च करायला सांग."

आणि मी हसले, आई. मला हसू आवरलं नाही. बाबा पाच रुपयांची फुलबाजी घेताना पण भाव करतात, ते दारूकामाच्या ठेकेदाराशी घासाघीस करताहेत असं डोळ्यापुढं आलं आणि मी खाटेचा दांडा धरून खदखदून हसले. दादाही हसायला लागला, हसता हसता खोकला लागला, खोकताना पण हसत होता. सिस्टर येऊन आम्हाला दोघांनाही रागावली. ती गेल्यावर तो म्हणाला, "भूक लागली बे. आईला सांग, उद्या शेंगापोळी आण म्हणावं. तूप वेगळं." पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यानं आपणहून काही खायला मागितलं होतं.

तू परत आलीस तेव्हा तो झोपला होता. तू त्याला अंगारा लावलास. मी तुला सांगणार होते, पण म्हटलं सकाळी सांगू, त्याच्यासमोरच. आणि पहाटे साडेपाचला ते सगळं झालं.

मी तुला हे अकरा वर्षं का सांगितलं नाही? एक तर तू तिथं नव्हतीस म्हणून. त्याची शेवटची चांगली संध्याकाळ तुझ्या वाट्याला आली नाही, तू त्याच्यासाठीच देवळात रांगेत उभी होतीस, हे तुला कसं सांगायचं? शेंगापोळीचं सांगितलं असतं तर तू जन्मभर शेंगदाण्याला हात लावला नसतास. तसाही लावला नाहीसच. आणि दुसरं म्हणजे माझी मलाच लाज वाटत होती. त्याच्या मरणावर त्यानं विनोद केला, मी हसले, आणि सात-आठ तासांत ते खरं झालं. मला वाटायचं माझ्या हसण्यानंच झालं. असं कधी होतं का? पण वीस वर्षांच्या पोरीला पटवायला कोण होतं? आपण तर जेवलात का विचारत होतो.

अजून एक आहे. त्या दिवशी घरात चूल नव्हती. दुपारी सगळे दादाला घेऊन गेल्यावर शेजारच्या अक्का ताट घेऊन आल्या, कडक भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी. माझ्याजवळ बसल्या, म्हणाल्या, "तिनम्मा," त्यांच्या कानडीत, खा गं. मी मान हलवली. त्यांनी तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला. आणि मला ती चटणी चांगली लागली. नुसती चांगली नाही, इतकी चविष्ट चटणी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. मी रडत रडत दीड भाकरी खाल्ली. अक्का काही बोलल्या नाहीत, फक्त पाणी पुढं सरकवलं. मी कितीतरी वर्षं ती दीड भाकरी लपवून ठेवली, जशी कुणी चोरी लपवतं. आता मी आई झालेय तर मला अक्का आठवतात. त्यांचं स्वतःचं मूल गेलेलं होतं ना, आपण तिथं राहायला यायच्या आधी? त्यांना माहीत होतं की भूक लागते.

छकुली झाली तेव्हा मला वाटलं होतं आता सगळं बदलेल. तू तिला पहिल्यांदा हातात घेतलंस, टोपडं सारून कान बघितलास, काही बोलली नाहीस, मला देऊन न्हाणीघरात गेलीस. नळ बराच वेळ चालू होता. कान दादाचेच आहेत, मला पण दिसलं होतं. मी पण तोंड फिरवून रडत होते, नर्सला वाटलं टाके दुखताहेत. तुझा नळ इकडं, माझे टाके तिकडं. आपण एकमेकींपासून लपवून एकाच गोष्टीसाठी रडत होतो, आणि मधे ती बया मूठ चोखत होती.

पण कान टोचायच्या दिवशीचं आठवतंय ना? सोनारानं तार काढली, कुंकू लावलं आणि सहज विचारलं, "मामा कुठाय? मामाच्या मांडीवर द्या." सगळे गप्प. आत्या दाराकडं बघायला लागल्या, जावई मोबाईलकडं. मला वाटलं आता इथंच सगळं विस्कटणार. आणि बाबा, तुम्ही उठलात, टोपी सारखी केलीत, पाटावर मांडी घातलीत आणि म्हणालात, "दे, मीच मामा हाय." आणि तार टोचली तशी छकुलीच्या आधी तुम्हीच "आई गं!" म्हणून ओरडलात, तेही तुमच्या मागावरच्या आवाजात. पोरगी घाबरून रडायचीच विसरली. सोनार हसायला लागला, मग आत्या, मग तू. तू हसताना डोळे पुसत होतीस आणि पुसताना हसत होतीस. आई, मी तुला अकरा वर्षांत असं पाहिलं नव्हतं. तू दादासाठी रडत होतीस की बाबांवर हसत होतीस हे मला ठरवता आलं नाही, आणि तुलाही आलं नसेल. मला एवढंच म्हणायचंय की ते ठरवायची गरज नव्हती.

तुम्ही दोघं वाट बघताय की हे दुःख एकदाचं फिटेल आणि मग सण सुरू करू. ते फिटायचं नाही. माझंही फिटलेलं नाही, आणि फिटावं असं मला वाटतही नाही, कारण ते फिटलं तर त्याच्याबरोबर तो हिरवा-लाल उजेड पण जाईल. मी तुम्हाला दादाला विसरून बोरन्हाण करा म्हणत नाही. त्याला धरूनच करायचंय. तू रड की. बोरं ओतताना रड. पोरं बोरं-चुरमुरे वेचत असतात, त्यांचं लक्ष कुठं असतं?

तर आम्ही येतोय. भोगीच्या आदल्या संध्याकाळच्या हुतात्मानं. काळं झबलं शिवून घेतलंय, हलव्याचे दागिने इथनंच आणते. बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि ऊस तिकडं मंगळवार बाजारात बघून ठेवा, इथं बोरं नुसती मोठी असतात, चव नाही. अक्कांना आणि त्यांच्या सुनेला सांगा, गल्लीतल्या सगळ्या पोरांना सांगा. अक्षतेला मी छकुलीला घेऊन जाणार आहे, बाबा यायचं असेल तर या, नाहीतर मी जाते. दारूकाम आपण आपल्या गच्चीवरनं बघू. आवाजाला ती घाबरेल, तिला आधीच सांगायला लागेल की आता झाड येणार.

आणि आई, पेटीत खाली डांबरगोळ्यांत दादाची बाराबंदी आहे. मी तीन वर्षांपूर्वी बघितलीय, घडीवर पिवळा डाग पडायला लागलाय. कुणाला द्यायची नाही, काही शिवायचं नाही, नुसती धू आणि दोन दिवस उन्हात टाक.

शेंगापोळीचं तुझ्यावर सोपवते. केलीस तर तूप वेगळं.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवू नका. तुमचं हळू म्हणजे सगळ्या बोळाला ऐकू जातं. चष्मा फ्रीजवर असेल, तिला द्या आणि तुम्ही जरा वेळ बाहेर ओट्यावर बसा. मग तिनं हाक मारली की आत जा. आणि ती मोराची चादर शोधत असाल तर शोधू नका. माझ्याकडं आहे. छकुली आत्ता त्यावरच झोपलीय.